जुन्या डेस्कटॉपसाठी योग्य ग्राफिक्स ड्रायव्हर कसा निवडावा

जुन्या डेस्कटॉपवर विंडोज नव्याने टाकल्यानंतर पहिली तक्रार बहुधा स्क्रीनचीच येते. अक्षरे फुगलेली दिसतात, रिझोल्युशन १०२४ बाय ७६८ च्या पुढे सरकत नाही, विंडो ओढली की ती फरफटत येते आणि व्हिडिओ लावला तर आवाज पुढे जातो, चित्र मागे राहते. याचा अर्थ कार्ड बिघडले असा नसतो. विंडोजला त्या ग्राफिक्स चिपचा ड्रायव्हर, म्हणजे तिच्याकडून काम करून घेणारी आज्ञावली, सापडलेला नसतो आणि म्हणून ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर’ या कामचलाऊ ड्रायव्हरवर ती भागवत असते. या ड्रायव्हरमुळे स्क्रीनवर चित्र येते एवढेच. चिपची स्वतःची ताकद वापरली जात नाही आणि सगळा भार प्रोसेसरवर पडतो.

अशा वेळी सर्वांत नवा ड्रायव्हर उतरवून घेण्याचा मोह होतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या कंपन्या काही वर्षांनी जुन्या पिढ्या मुख्य ड्रायव्हरमधून वगळतात, त्यांना ‘लेगसी’ म्हणजे निवृत्त यादीत टाकतात आणि त्यांच्यासाठी एका ठरावीक क्रमांकावर काम थांबवतात. त्यामुळे जुन्या डेस्कटॉपसाठी योग्य ड्रायव्हर म्हणजे आपली चिप ज्या शेवटच्या मालिकेत सांभाळली गेली, त्या मालिकेतील शेवटचा ड्रायव्हर होय. त्याहून नवा ड्रायव्हर एक तर ‘सुसंगत हार्डवेअर सापडले नाही’ असे सांगून थांबतो किंवा जबरदस्तीने बसवल्यास स्क्रीन काळी करून बसतो.

नाव नव्हे, चिप ओळखावी

सर्वांत आधी कॅबिनेटच्या मागे पाहावे. वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेले असूनही मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला जोडलेली असण्याचा प्रकार वाटतो त्यापेक्षा बराच आढळतो, विशेषतः मशीन दुरुस्तीहून परत आल्यावर. कीबोर्ड आणि यूएसबीच्या रांगेत उभे असलेले पोर्ट मदरबोर्डचे असतात. त्याखाली आडव्या पट्टीवरचे पोर्ट कार्डाचे असतात. केबल चुकीच्या ठिकाणी असेल, तर कार्डाचा ड्रायव्हर कितीही काळजीपूर्वक निवडला तरी स्क्रीनवर फरक दिसणार नाही.

त्यानंतर डिव्हाइस मॅनेजर उघडून ‘डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स’ या ओळीखालील नाव पाहावे. ड्रायव्हरच नसेल तर तिथे नाव दिसणार नाही आणि नाव दिसले तरी तेवढ्यावर विसंबू नये. त्या नोंदीवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे, ‘डिटेल्स’ हा टॅब निवडावा आणि यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ घ्यावे. तिथल्या लांबलचक ओळीत ‘व्हेन’ (VEN) या तीन अक्षरांनंतर येणारा चार स्थानांचा संकेतांक कंपनी सांगतो आणि ‘डेव्ह’ (DEV) नंतरचा संकेतांक नेमकी चिप सांगतो. १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ म्हणजे एएमडी (पूर्वीची एटीआय) आणि ८०८६ म्हणजे इंटेल. हे दोन संकेतांक एकत्र शोधले की चिपचे खरे कुळ समजते. जीपीयू-झेड हे छोटे मोफत साधनही हेच काम एका चौकटीत करून दाखवते, मात्र ते त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावे.

एवढा खटाटोप कशासाठी, हे जीटी ७३० या कार्डावरून चांगले कळते. एनव्हिडियाने २०१४ मध्ये हे नाव एकाच वेळी वेगवेगळ्या चिपांना दिले. त्यातल्या एका प्रकारात ९६ कोर आणि १२८ बिटची मेमरी-वाहिनी होती आणि आतली चिप जुन्या फर्मी पिढीची होती. दुसऱ्या प्रकारांत ३८४ कोर, ६४ बिटची वाहिनी आणि केप्लर पिढीची चिप होती. खोक्यावर नाव एकच, मेमरीही दोन्हीकडे दोन जीबी असू शकते, आणि दुकानदार बिलावर ‘जीटी ७३०, २ जीबी’ एवढेच लिहून मोकळा होतो. संकेतांक मात्र वेगळे निघतात: फर्मीचा ०एफ०२, तर केप्लरचा १२८७. पहिल्या कार्डासाठी विंडोजचा ड्रायव्हर मार्च २०१८ मधील ३९१.३५ वर थांबतो. दुसऱ्यासाठी त्याच्या पुढच्या कित्येक वर्षांचे ड्रायव्हर उपलब्ध आहेत. जीटी ६३० या नावाचीही हीच कथा आहे. खोक्यावरचा मोठा आकडा वाचून निवड करणाऱ्याची फसगत होते ती इथे, आणि दोष त्याचा नसतो.

जुन्या बाजारातून कार्ड घेतले असेल तर आणखी एक शक्यता ध्यानात घ्यावी. फर्मी पिढीतील जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआय यांसारख्या कार्डांचा बायोस (कार्डातच साठवलेली, त्याचे नाव सांगणारी आज्ञावली) बदलून ती ‘जीटीएक्स १०५० टीआय’ म्हणून विकली गेली आहेत. अशा कार्डावर विंडोजला नवे नाव दिसते, नवा ड्रायव्हर बसवायला घेतला की गडबड होते आणि मालक ड्रायव्हरच बदलत राहतो. जीपीयू-झेड अशी बनावट एनव्हिडिया कार्डे ओळखून नावाआधी तसा शेरा देते. तो शेरा दिसला तर ड्रायव्हरचा शोध थांबवून विक्रेत्याकडे जावे.

एनव्हिडियाच्या पिढ्या

एनव्हिडियाचे एक बरे आहे की तिच्या मालिकांच्या सीमा स्पष्ट आहेत. जीफोर्स ६ आणि ७ या मालिकांची कार्डे अजून चालू असतील तर त्यांच्यासाठी विंडोज ७ व ८ चा शेवटचा ड्रायव्हर ३०९.०८ आहे. जीफोर्स ८, ९, १००, २०० आणि ३०० या मालिकांसाठी, म्हणजे ८४०० जीएस, ९५०० जीटी आणि एके काळी स्वस्त कार्ड म्हणून घरोघरी गेलेले जीफोर्स २१० यांच्यासाठी, डिसेंबर २०१६ मधील ३४२.०१ हा शेवटचा होय. तो विंडोज १० वरही चालतो. फर्मी पिढी, म्हणजे ४०० आणि ५०० मालिका आणि त्यांच्याबरोबर जीटी ६१० व जीटी ६२० यांसारखी नवे नाव घेतलेली जुनी कार्डे, ३९१.३५ वर थांबतात.

केप्लर पिढीत ६०० मालिकेतील बरीच आणि ७०० मालिकेतील बहुतेक कार्डे येतात. सर्वत्र आढळणारे जीटी ७१० हेही साधारणतः याच कुळातले. या पिढीचा शेवटचा नियमित ‘गेम रेडी’ ड्रायव्हर सप्टेंबर २०२१ मधील ४७२.१२ होता. त्यानंतर सप्टेंबर २०२४ पर्यंत ४७३ ते ४७५ या क्रमांकांनी फक्त सुरक्षा-दुरुस्त्या निघाल्या. ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार होतात किंवा जे कायम इंटरनेटला जोडलेले असते, तिथे ४७२.१२ ऐवजी यांपैकी शेवटचा ड्रायव्हर घ्यावा. जीटीएक्स ७५० आणि ७५० टीआय यांचे नाव ७०० मालिकेचे असले तरी त्या मॅक्सवेल पिढीच्या आहेत आणि त्यांच्यासाठी ड्रायव्हरची ५८० मालिका चालते. मॅक्सवेल आणि पास्कल (यात जीटी १०३० आणि खरी १०५० टीआय येतात) यांचे नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये संपले. सुरक्षा-दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत देण्याचे कंपनीने जाहीर केले आहे.

याच संदर्भात विंडोज ३२ बिट आहे की ६४ बिट, हे ‘सिस्टम’च्या पानावर पाहून घ्यावे. दोन जीबी रॅमच्या मशीनवर ३२ बिट विंडोज टाकण्याची पद्धत अनेक वर्षे होती. एनव्हिडियाने ३२ बिटसाठी ड्रायव्हर देणे ३९१.३५ नंतर बंद केले, म्हणून ३२ बिट विंडोजवर केप्लर कार्डालाही त्याच क्रमांकावर थांबावे लागते. प्रोसेसर ६४ बिटचा असेल आणि रॅम वाढवता येत असेल, तर अशा वेळी ड्रायव्हरपेक्षा विंडोजच बदलणे शहाणपणाचे ठरते.

एएमडी आणि इंटेल

एएमडीच्या बाबतीत नावांचा गोंधळ एनव्हिडियाहून कमी नाही. रेडिऑन एचडी २००० ते ४००० या मालिका २०१२ मध्येच निवृत्त यादीत गेल्या. त्यांच्यासाठी विंडोज ७ वर कॅटॅलिस्ट या एएमडीच्या तेव्हाच्या ड्रायव्हर-संचाचा १३.९ हा लेगसी ड्रायव्हर आहे, पण विंडोज १० साठी एएमडीने वेगळा ड्रायव्हर दिला नाही. तिथे विंडोज अपडेट जो जुना ड्रायव्हर आपोआप बसवते तोच ठेवावा आणि एएमडीचे कंट्रोल सेंटर हे सेटिंग्जचे साधन मिळवण्याच्या मागे लागू नये. एचडी ५००० आणि ६००० या मालिकांसाठी, म्हणजे पंख्याशिवाय चालणाऱ्या एचडी ५४५० किंवा ६४५० सारख्या कार्डांसाठी, जुलै २०१५ मधील कॅटॅलिस्ट १५.७.१ हा शेवटचा प्रमाणित ड्रायव्हर आहे. क्रिमसन १६.२.१ नावाचा एक बीटा, म्हणजे चाचणीसाठीचा ड्रायव्हर, त्यानंतर आला होता; १५.७.१ वर काही अडत असेल तरच तो वापरून पाहावा.

आता गोम अशी की आर५ २३० हे नाव नव्या धाटणीचे वाटत असले तरी आतली चिप एचडी ६४५० चीच आहे, आणि एचडी ७३५० मध्ये तर एचडी ५४५० ची चिप आहे. ही दोन्ही कार्डे १५.७.१ वरच थांबतात. याउलट आर७ २४० ही खरोखर पुढच्या, जीसीएन पिढीची आहे. त्या पिढीच्या सुरुवातीच्या चिपांचा नियमित पाठिंबा एएमडीने जून २०२१ मध्ये थांबवला, म्हणजे तिला जवळजवळ सहा वर्षे अधिक मिळाली. एएमडीच्या संकेतस्थळावर आपल्या कार्डाचे पान उघडून तिथे दिलेलाच ड्रायव्हर घ्यावा. ‘आपोआप शोधा’ हे साधन नव्या कार्डांसाठी ठीक आहे, जुन्यांच्या बाबतीत त्याचा फारसा उपयोग होत नाही.

इंटेलचे ग्राफिक्स मदरबोर्डवर किंवा प्रोसेसरमध्ये असते, म्हणून तिथे चिपऐवजी बोर्ड किंवा प्रोसेसरची पिढी ओळखावी. जी४१ बोर्डवरील जीएमए एक्स४५०० चा ड्रायव्हर विंडोज ७ च्या काळातच थांबला. एच६१ बोर्ड आणि दुसऱ्या पिढीचा आय३ किंवा आय५ असेल तर ग्राफिक्स एचडी २००० किंवा ३००० असते. इंटेलने त्यासाठी विंडोज १० चा अधिकृत ड्रायव्हर काढला नाही, परंतु विंडोज अपडेटमधून येणारा ९.१७.१०.४४५९ तिथे निमूट चालतो. तिसऱ्या पिढीच्या एचडी २५०० व ४००० साठी १५.३३ मालिका आणि चौथ्या पिढीच्या एचडी ४४०० व ४६०० साठी १५.४० मालिका विंडोज १० वर घ्यावी. ब्रँडेड डेस्कटॉपवर इंटेलचा इन्स्टॉलर कधी कधी ‘हा ड्रायव्हर या संगणकासाठी तपासलेला नाही’ असे म्हणून अडतो. अशा वेळी आधी संगणक बनवणाऱ्या कंपनीच्या पानावर मॉडेल क्रमांक टाकून पाहावे. तिथे काही मिळाले नाही, तर झिप स्वरूपातील ड्रायव्हर उलगडून डिव्हाइस मॅनेजरमधील ‘अपडेट ड्रायव्हर’ आणि त्यापुढील ‘हॅव डिस्क’ या वाटेने बसवावा.

तिन्ही कंपन्यांबाबत एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. ‘तुमचे सतरा ड्रायव्हर कालबाह्य आहेत’ असे लाल अक्षरांत सांगणारे ड्रायव्हर-अपडेटर जुन्या मशीनवर मुळीच घेऊ नयेत. मोठा क्रमांक म्हणजे चांगला ड्रायव्हर, एवढेच त्यांना कळते.

बसवताना

निवडलेला ड्रायव्हर आधी पूर्ण उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवावा आणि विंडोजचा रिस्टोअर पॉइंट तयार करावा. मशीनवर पूर्वीच्या ड्रायव्हरचे अवशेष असतील, विशेषतः एका कंपनीचे कार्ड काढून दुसऱ्या कंपनीचे बसवले असेल, तर ‘डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर’ हे साधन सेफ मोडमध्ये (विंडोज अत्यावश्यक ड्रायव्हरवरच चालते त्या अवस्थेत) चालवून जुने सगळे साफ करावे. हे करण्यापूर्वी लॅनची केबल काढावी किंवा वाय-फाय बंद करावे. नाहीतर मशीन पुन्हा सुरू होताच विंडोज अपडेट स्वतःच्या पसंतीचा ड्रायव्हर बसवायला घेते, त्याच वेळी आपणही आपला बसवत असतो आणि दोन्ही अर्धवट राहतात. नव्या, कोऱ्या विंडोजवर मात्र या साफसफाईची गरज नसते.

इन्स्टॉलर सुरू झाल्यावर ‘कस्टम’ हा पर्याय निवडावा. ड्रायव्हर आणि एचडीएमआय ऑडिओ एवढेच ठेवून गेमसाठीची जोड-साधने, त्रिमिती चष्म्याचे ड्रायव्हर वगैरे गोष्टींवरची खूण काढून टाकावी. दोन-चार जीबी रॅमच्या मशीनवर त्यांचा नुसता बोजा होतो. एचडीएमआय ऑडिओ मात्र विसरू नये, कारण मॉनिटरच्या स्पीकरमधून आवाज येणे त्याच्यावर अवलंबून असते. विंडोज ७ असेल आणि ड्रायव्हरची डिजिटल स्वाक्षरी पडताळता आली नाही अशी चूक दिसली, तर तिच्यात २०१९ चे एसएचए-२ स्वाक्षरीचे अपडेट नाही असे समजावे आणि आधी ते टाकावे.

मशीन दोनदा पुन्हा सुरू करून सर्व ठीक आहे असे दिसले की मगच इंटरनेट जोडावे. त्याआधी ‘डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज’मध्ये ड्रायव्हर आपोआप उतरवण्याला ‘नाही’ म्हणून ठेवावे. विंडोजची प्रो आवृत्ती असेल तर ग्रुप पॉलिसीमध्ये विंडोज अपडेटमधून ड्रायव्हर वगळण्याचा स्वतंत्र पर्याय आहे आणि तो अधिक भरवशाचा आहे. स्क्रीन काळी झालीच तर घाबरण्याचे कारण नाही. सेफ मोडमध्ये विंडोज पुन्हा मूळ ड्रायव्हरवर चालते, तिथून ‘रोल बॅक ड्रायव्हर’ वापरता येते किंवा रिस्टोअर पॉइंटवर परतता येते.

लिनक्सवर

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यापासून अनेक जुने डेस्कटॉप लिनक्सकडे वळले आहेत आणि ग्राफिक्सच्या दृष्टीने इंटेल व एएमडी असलेल्यांना तिथे सुखच आहे. त्यांचे ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आणि मेसा या ग्राफिक्स-संचात आधीपासून असतात, काहीही उतरवावे लागत नाही. एचडी ५४५० सारखे कार्ड, ज्याचा विंडोजचा ड्रायव्हर २०१५ मध्ये गोठला, ते लिनक्सवर आजच्या कर्नलबरोबर चालते. जुन्या लेखांत सांगितलेला एएमडीचा बंदिस्त कॅटॅलिस्ट ड्रायव्हर लिनक्सवर टाकण्याचा प्रयत्न मात्र करू नये. तो नव्या कर्नलवर बसत नाही.

एनव्हिडियाची गोष्ट वेगळी आहे. तिथे नूवो हा मुक्त ड्रायव्हर आपोआप चालू होतो. तो स्थिर असला तरी जुन्या चिपांची घड्याळगती स्वतःहून वाढवत नाही आणि कार्ड सुरू होतानाच्या संथ गतीवर राहते. पत्रव्यवहार, हिशेब आणि वाचन यांसाठी ते पुरते. त्यापुढे जायचे असेल तर एनव्हिडियाच्या लेगसी मालिकांकडे वळावे लागते: जीफोर्स ८ ते ३०० साठी डिसेंबर २०१९ चा ३४०.१०८, फर्मीसाठी नोव्हेंबर २०२२ चा ३९०.१५७ आणि केप्लरसाठी ४७० मालिका. हे ड्रायव्हर ज्या काळात थांबले त्यानंतरच्या कर्नलसाठी त्यांत बदल होत नाहीत, त्यामुळे कर्नल अद्ययावत झाला की ते त्याच्यासाठी तयार (बिल्ड) होत नाहीत आणि पुढच्या सुरुवातीला डेस्कटॉप येत नाही. म्हणून फर्मी कार्डासाठी लिनक्सच्या सर्वांत नव्या वितरणाऐवजी (आवृत्तीऐवजी) उबुंटू २२.०४ किंवा त्यावर आधारलेले मिंट घ्यावे, ५.१५ हा कर्नल कायम ठेवावा आणि ड्रायव्हर संकेतस्थळावरून न आणता ड्रायव्हर मॅनेजरमधूनच बसवावा. लॉगिनच्या पडद्यावर वेलँडऐवजी एक्सऑर्गचे सत्र निवडावे (स्क्रीनवर चित्र मांडणाऱ्या या नव्या आणि जुन्या व्यवस्था आहेत), कारण वेलँडला लागणारी सोय एनव्हिडियाने ४९५ मालिकेपासून दिली आणि वरील तिन्ही मालिका त्याआधीच्या आहेत. ३४० मालिकेचा ड्रायव्हर लागणाऱ्या कार्डांना माझा सल्ला नूवोवरच राहण्याचा आहे.

ड्रायव्हर बसल्यावर

ड्रायव्हर योग्य बसला याची खात्री करण्यासाठी मॉनिटरचे मूळ रिझोल्युशन मिळाले का हे पाहावे. त्याचबरोबर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे चिन्ह नाही ना आणि ब्राउझरच्या ग्राफिक्सविषयक माहितीच्या पानावर हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशन (चित्राचे काम प्रोसेसरऐवजी ग्राफिक्स चिपने करणे) चालू दिसते का, हेही पाहावे. काही ब्राउझर फार जुने ड्रायव्हर स्वतःहून नाकारतात. तसे झाले तर ते सक्तीने चालू करण्याऐवजी बंदच ठेवलेले बरे.

एवढे होऊनही यूट्यूब अडखळत असेल तर पुन्हा ड्रायव्हर बदलू नये. यूट्यूब बहुतेक व्हिडिओ व्हीपी९ या स्वरूपात पाठवते आणि इंटेल एचडी ४००० किंवा जीटी ७३० यांच्या चिपमध्ये ते उलगडणारी यंत्रणाच नाही. कोणताही ड्रायव्हर ती आणून देऊ शकत नाही. ब्राउझरमध्ये एच२६४इफाय हे छोटे एक्स्टेन्शन टाकले की यूट्यूब जुन्या एच.२६४ स्वरूपात व्हिडिओ देते, ते या चिपा सहज उलगडतात आणि प्रोसेसरवरचा भार लगेच उतरलेला टास्क मॅनेजरमध्ये दिसतो. कमाल मर्यादा १०८० ओळींची राहते, पण अशा डेस्कटॉपला जोडलेला मॉनिटर सहसा त्याहून मोठा नसतोच.

शेवटी, चाललेल्या ड्रायव्हरची फाइल जपून ठेवावी. इंटेलने २०१९ मध्ये आपल्या जुन्या डेस्कटॉप बोर्डांचे बायोस आणि ड्रायव्हर संकेतस्थळावरून काढून टाकले आणि नंतर शोधणाऱ्यांना अनोळखी संग्रहांवर विसंबावे लागले. पेन ड्राइव्हवरच्या फोल्डरला कार्डाचे नाव, चिपचा संकेतांक, ड्रायव्हरचा क्रमांक आणि विंडोज ३२ की ६४ बिट एवढे नाव द्यावे, आणि तोच मजकूर एका चिठ्ठीवर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला, पंख्यापासून दूर, चिकटवून ठेवावा.